रानराख्याचा एक हंगाम



मुंबईहून कर्जतकडे येणारी गाडी नेरळ सोडून पुढें निघाली म्हणजे उजव्या हातास माथेरानचा डोंगर दिसतो, आणि बहुतेक उतारू तिकडेच पाहत बसतात. डाव्या हातास, खोऱ्याच्या पलीकडे, सह्याद्रीची मुख्य रांग आडवी पसरलेली असते. तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचें कळंब गांव या दोन डोंगरांच्या मधल्या सखल प्रदेशांत आहे. माघ-फाल्गुनांत रात्रीं येथें अंगणांत उभें राहिलें असतां पूर्वेच्या डोंगरावर पुष्कळदां एक वांकडीतिकडी तांबडी रेघ दिसते. शहरांतून आलेल्या पाहुण्यांस ती दिव्यांची माळ वाटते, आणि "काय शोभा आहे!" असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. ती वणव्याची रेघ असते. ज्या वेळीं आपण अंगणांतून ती पाहत असतों, त्याच वेळीं हातांत हिरव्या डहाळ्या घेतलेलीं पांचसात माणसें तिच्या कडेकडेनें अंधारांत चाललेलीं असतात. त्यांतील एक सरकारी नोकर असतो; बाकीचे वाडीवरचे ठाकर किंवा कातकरी. त्या सरकारी नोकराचा एक हंगाम कसा जातो, हें मीं आज सांगावयाचें योजिलें आहे.

मी शाळामास्तर. माझे कांहीं विद्यार्थी वनखात्यांत नोकरीस लागले, आणि निवृत्तीनंतर त्यांच्यापैकीं एकाच्या मागून मीं एक संबंध हंगाम, पाय चालतील तितका, काढला. त्यामुळें या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. शहरांतील मंडळी रानांत खाकी कपड्याचा मनुष्य दिसला कीं त्यास 'रेंजर' म्हणतात. वास्तविक रेंजर म्हणजे वनक्षेत्रपाल. त्याच्या हाताखालीं वनपाल असतात, आणि वनपालाच्या हाताखालीं वनरक्षक. वनरक्षकाकडे रानाचा जो तुकडा सोंपविलेला असतो त्यास 'नियतक्षेत्र' असा कागदोपत्रीं शब्द आहे. बोलण्यांत सगळे 'बीट' म्हणतात. अहवाल वर जातो, हुकूम खालीं येतो; परंतु प्रत्यक्ष पायांनीं रान तुडवितो तो हा वनरक्षकच. आमच्या बाजूनें कशेळ्यावरून खांडसला गेलें म्हणजे मोटारीचा रस्ता संपत येतो, आणि तेथून गणेश घाट व शिडी घाट या दोन वाटा भीमाशंकरास चढतात. माथ्यावरचें दाट रान १९८५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर असून तें पुणें, ठाणें आणि रायगड या तीन जिल्ह्यांत विभागलें आहे. पायथ्याकडचें रान अभयारण्यांत नसलें तरी वनखात्याच्याच ताब्यांत आहे. आगीला ही सीमा ठाऊक नसते. ती खालीं लागते आणि वर चढते.

अमेरिकेंतही डोंगरांतील रानें राखणारे असे नोकर असतात, आणि त्यांतले पुष्कळसे फक्त उन्हाळ्याच्या हंगामापुरते नेमलेले असतात. तिकडील १९६४ च्या कायद्यानें कांहीं प्रदेश पूर्णपणें निसर्गाच्या स्वाधीन ठेवले आहेत. तेथें रस्ता नाहीं, वस्ती नाहीं, यंत्राची करवत सुद्धां चालत नाहीं. वाटेवर झाड पडलें तर दोघांनीं दोन्हीं टोकांस धरावयाच्या जुन्या करवतीनें तें कापावें लागतें. आठवडा आठवडा मनुष्य दृष्टीस पडत नाहीं, म्हणून एकांताची आवड हा तेथें गुणच मानला जातो. गंमत अशी कीं त्या देशाच्या वनखात्याचा १९०५ मधील पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो हा तरुणपणीं युरोपांत वनविद्या शिकावयास गेला असतां त्यास वाट दाखविली ती डिट्रिच ब्रँडिस यांनीं. आणि हे ब्रँडिस म्हणजे १८६४ सालीं हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले मुख्याधिकारी झालेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. तेव्हां विद्येचें घराणें एकच. परंतु आमच्या वनरक्षकास एकांताची आवड असून भागत नाहीं. त्याच्या रानांत माणसें आहेत. पायथ्याला ठाकरवाड्या आहेत, माथ्यावर महादेव कोळ्यांचीं गांवें आहेत, मध्यें ज्योतिर्लिंग आहे, आणि रविवारीं तर अर्धी मुंबई आहे! ज्यास माणसांशीं बोलतां येत नाहीं तो येथें एक हंगामही टिकणार नाहीं.

हें बोलणें सोपें नाहीं, आणि त्याचें कारण जुनें आहे. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं तेव्हां डोंगरावरील लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटी एका फटक्यासरशीं गुन्हे ठरल्या. आमच्याकडे भाताचें बी पेरण्यापूर्वीं वाफ्यावर राब भाजतात. ऐनाच्या वगैरे झाडांच्या फांद्या छाटून वाळवावयाच्या, त्या शेण, पाला, गवत यांच्या थरांबरोबर वाफ्यावर पसरावयाच्या, वर माती घालावयाची आणि पावसाच्या आधीं तें सर्व पेटवावयाचें. जमीन भाजून निघते, तण मरतें, राखेचें खत मिळतें. फांद्या रानांतून येत, आणि नेमक्या त्याच बंद झाल्या. कातकऱ्यांचें तर नांवच काताच्या धंद्यावरून पडलेलें. खैराचें लांकूड उकळून कात करणें हा त्यांचा उद्योग, आणि खैर तोडण्यास मनाई झाली. तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं मंडळ नेमावें लागलें. आमचा कर्जत तालुका त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. मंडळाचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. परंतु रानाचा शिपाई आणि वाडीचा माणूस यांच्यामधली अढी कागदानें थोडीच जाते? ती आजोबांकडून नातवाकडे आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें या लोकांचे हक्क मान्य केले आणि ग्रामसभेस रान राखण्याचा अधिकारही दिला, ही गोष्ट आतांची. तरी अजून खाकी कपडा वाडींत शिरला म्हणजे एखादी म्हातारी कोयता चुलीमागें सरकवितेच.

अशा स्थितींत हंगाम सुरू होतो तो पाऊस थांबल्यावर. दसऱ्याच्या सुमारास डोंगराच्या उतारावर कमरेइतकें गवत हिरवेंगार उभें असतें. पाहणारास तें सुंदर दिसतें. वनरक्षकास त्यांत पुढच्या चार महिन्यांचें सरपण दिसतें. मार्गशीर्षापर्यंत तें पिवळें पडतें, पौषांत कडकडीत वाळतें. त्याच सुमारास साग पानें टाकूं लागतो आणि जमिनीवर पापडासारखा वाजणारा थर पसरतो. याच्या आधीं जाळरेषा करून घ्याव्या लागतात. जाळरेषा म्हणजे रानांतून काढलेला उघडा पट्टा. त्यांतील गवत कापावयाचें आणि वारा नसेल अशा वेळीं, माणसें उभीं करून, तेवढाच पट्टा आपणच जाळून टाकावयाचा, म्हणजे पुढें येणाऱ्या आगीस तेथें खावयास कांहीं उरत नाहीं. यासाठीं मजूर लागतात, आणि ते वाडीवरूनच मिळतात. ज्याचें वाडीशीं पटत नाहीं त्याच्या जाळरेषा अर्ध्या राहतात. माझ्या विद्यार्थ्याच्या वेळेचा निम्मा भाग ओसऱ्यांवर बसून चहा पिण्यांत जाई. मला आरंभीं तो आळस वाटला. फेब्रुवारी उजाडल्यावर त्या चहाचा अर्थ कळला.

खात्याच्या हिशेबीं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. आगीचा स्वभाव नीट समजून घेण्यासारखा आहे. सपाटीवर चालणारी आग चढावर धांवूं लागते. कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि त्यास पेटण्यापूर्वींच शेकून तयार ठेवतात. दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर वाहतो, तो तिला पाठीमागून ढकलतो. रात्रीं उतार निवतो आणि वारा उलट खालीं उतरूं लागतो. हवेंत ओल येते, आग मंदावते. म्हणून विझविण्याचें खरें काम रात्रीं आणि पहाटे करावयाचें असतें. आगीच्या वरच्या बाजूस कधींही उभें राहूं नये, हा पहिला नियम. माणसें मागच्या अंगानें शिरतात, आणि दोन्हीं बाजूंनीं ओल्या फांद्यांनीं ज्वाळा झोडपीत झोडपीत तिचें तोंड अरुंद करीत नेतात. झोडपणें म्हणजे फांदी उंच उगारून आपटणें नव्हे. तसें केल्यानें ठिणग्या उडतात आणि चार पावलांवर दुसरी आग लागते. फांदी आगीवर दाबून क्षणभर ठेवावी लागते. अलीकडे पाठीवर घेऊन चालण्याचीं हवा फुंकणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांनीं पालापाचोळा झटकन् बाजूस सारतां येतो. तथापि कड्याच्या अंगाला, जेथें एका हातानें कारवीचा झुडपा धरून उभें राहावें लागतें, तेथें डहाळीच बरी. आग फारच मोठी असेल तर जाळरेषेवरून समोरून दुसरी आग सोडतात. दोन्हीं एकमेकींस भिडून मरतात. परंतु हें जाणत्याचें काम आहे, आणि वाऱ्यानें घात केला तर विझविणारेच सांपडतात.

विझल्यानंतर कोणी लगेच घरीं जात नाहीं. एखादें पडलेलें खोड आंत धुमसत असतें. तें पहाटे गडगडत खालीं गेलें कीं सगळें पुनः पहिल्यापासून. म्हणून उजाडेपर्यंत बसून राहावयाचें. अशा एका पहाटे, पदरगडाच्या बाजूस, मी बेतानेंच वर चढून गेलों होतों. जळालेल्या पट्ट्यांत मोठीं झाडें सगळीं उभीं होतीं; त्यांच्या बुंध्यांना नुसता काळा डाग होता. मला वाटलें, फारसें नुकसान झालें नाहीं. माझा विद्यार्थी खालीं वांकला आणि बोटभर उंचीचें एक काळें कांटकूळ त्यानें उचललें. तें हिरड्याचें रोप होतें. अशीं त्या पट्ट्यांत किती असतील, तें त्यानें मोजलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं. जमिनीवरून धांवणारी आग मोठ्या झाडास सोडते आणि त्याच्या मुलांनातवंडांना खाते. दरसाल असें झालें तर रान उभें दिसतें, पण तें म्हाताऱ्यांचें गांव झालेलें असतें. उघड्या पडलेल्या मातीवर मग जूनच्या सरी कोसळतात आणि ती माती ओढ्यावाटे खालीं जाते.

आतां प्रश्न असा कीं आग लावतो कोण? आपल्या डोंगरांत ती आपोआप लागते ही समजूत बहुतांशीं खोटी आहे. कोणी नवें गवत लौकर फुटावें म्हणून लावतो, कोणी सशाच्या शिकारीसाठीं, कोणी पायवाट मोकळी दिसावी म्हणून. कोणाची विडी असते. महाशिवरात्र नेमकी याच सुमारास येते. यात्रेकरू रात्रभर घाट चढतात आणि जागोजागीं चुली पेटतात. कोठें राबाची ठिणगी उडालेली असते. राखीव रानांत आग लावणें १९२७ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि खटलेही होतात. पण रात्रीं डोंगरावर काडी कोणी ओढली याला साक्षीदार कोठून आणणार? येथेंच त्या ओसरीवरच्या चहाचा उपयोग होतो. राब भाजणें आपल्या शेतांत असतें, तें बंद करतां येत नाहीं आणि करूंही नये. मग माझा विद्यार्थी काय करी? वाडींत जाऊन विचारी, "मामा, राब कधीं भाजणार?"

म्हातारा आकाशाकडे पाही. "वारा पडला म्हंजी. परवा सांजच्याला."

"मग मला सांगावा धाडा. मीही येतों, बांधाकडेनें गवत काढून ठेवूं."

"या कीं. पन घागर भरून आना, नुसतं उभं नका ऱ्हाऊ!"

एवढाच संवाद. त्या संध्याकाळीं सरकारी नोकर घागर घेऊन बांधावर उभा होता आणि म्हातारा राब पेटवीत होता. पुढें पंधरा दिवसांनीं वाडीच्या वरच्या अंगास आग दिसली, तेव्हां खात्याच्या आधीं त्या म्हाताऱ्याचीं मुलें तेथें पोहोंचलीं होतीं. दहा खटल्यांनीं हें झालें नसतें, असें माझें मत आहे.

उपग्रहाची मदत आतां झाली आहे, हें सांगितलें पाहिजे. भारतीय वनसर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्यानें आगींच्या जागा शोधून खात्यास कळविते. पूर्वीं एका ठिपक्याचा अर्थ एक किलोमीटरचा चौकोन असे. २०१७ पासून पावणेचारशें मीटरपर्यंत तो आला आहे. वनरक्षकाच्या खिशांतील फोनवर इशारा वाजतो. परंतु उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ ठरलेली असते, आणि तोंवर आग त्याच्यासाठीं थांबत नाहीं. कित्येकदां इशारा येतो तेव्हां माणसें विझवून परत येत असतात.

एक गोष्ट शहरांतील श्रोत्यांस थोडी कडू लागेल. डोंगराच्या पायथ्याशीं गेल्या कांहीं वर्षांत मुंबईकरांनीं जमिनी घेऊन बंगले बांधले आहेत. साप येऊं नयेत म्हणून मालक राखणदारास गवत जाळावयास सांगतात. मालक सोमवारीं मुंबईस जातो; राखणदार मंगळवारीं भर दुपारीं काडी लावतो. कुंपण माणसास अडवितें, ठिणगीस नाहीं. ठाकराला राब भाजण्याची वेळ कळते, कारण त्याच्या बापानें ती शिकविली; या राखणदारास कोणीच शिकविलेली नसते.

वणव्याच्या धांदलींतही इतर कामें चालूच असतात. माथ्यावरच्या सदाहरित रानांत शेकरूं राहतें. तें आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. मांजराएवढी ही तांबूस खार सहसा जमिनीवर उतरत नाहीं. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर उडी घेते. म्हणून तिला सलग रान लागतें. मधलीं चार झाडें गेलीं कीं तिचा रस्ता तुटला. पानांकाटक्यांचीं तिचीं गोल घरटीं उंचावर असतात, आणि वनरक्षक मान वर करून तीं मोजीत हिंडतो. मानेचें दुखणें हा या नोकरीचा भाग आहे. वैशाखी पौर्णिमेस पाणवठ्याशेजारीं मचाण बांधून रात्रभर प्राण्यांची नोंद करतात. वर्षांतील पाणी सर्वांत कमी आणि चांदणें सर्वांत चांगलें अशी ती रात्र. भेंकर, रानडुक्कर, नशीब असेल तर बिबट्या. बोलावयाचें नाहीं, खोकावयाचें नाहीं. मला खोकला असल्यानें त्या रात्रीं मी खालीं गांवांतच राहिलों.

मे अखेरीस काजवे येतात आणि त्यांच्या मागोमाग मोटारी येतात. एका झाडावर हजारों काजवे एका तालांत लुकलुकतात, तो त्यांचा विवाहकाळ होय. मोटारींच्या झोतांत त्यांना एकमेकांची खूण दिसत नाहीं. वनरक्षक मग दिवे बंद करा म्हणून विनवीत फिरतो. पुढें पाऊस सुरू झाला म्हणजे कुजलेल्या लांकडावरची बुरशी भीमाशंकरच्या रानांत रात्रीं हिरवट उजेड देऊं लागते. ती पाहण्यास मात्र जळवांची तयारी ठेवावी लागते.

पावसाळ्यांत काम थांबतें असें नाहीं, बदलतें. रोपें लावावयाचीं, पाण्यानें वाहून गेलेल्या वाटा पाहावयाच्या, धबधब्यांखालीं शिरणाऱ्या तरुणांस परत फिरवावयाचें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं शेजारच्या खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाखालच्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीस जाणारे भर पावसांत चिखल तुडवीत चढले. तेव्हांपासून डोंगरउताराला नवी भेग दिसली कीं आमच्याकडील वाड्यांचीं माणसें ती वनरक्षकास येऊन दाखवितात. तें त्याच्या कामाच्या यादींत नसेल. पण दुसरा कोणी रोज तेथवर चालत जात नाहीं.

आतां वेळ थोडा उरला आहे, म्हणून उपयोगाचें एक सांगून ठेवतों. डोंगरांत फिरतांना वणवा दिसला तर आपण होऊन विझवावयास जाऊं नका. उताराच्या बाजूनें खालीं, उघड्या किंवा आधींच जळून गेलेल्या जागेकडे निघा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. त्यावर नुसतें "आग लागली" असें सांगूं नका. जवळचें गांव किंवा वाडी कोणती, आग डोंगराच्या कोणत्या अंगास आहे, धूर कोणीकडे झुकतो आहे आणि खालून तेथें जाण्यास वाट कोठून आहे, एवढें सांगा. वाडी जवळ असेल तर फोन झाल्यावर तेथेंही हांक मारा. बहुधा तेथून माणसें आधींच निघालेलीं असतील.